बारावी इतिहास (१७ नंबर फॉर्म): महायुद्धं, शीतयुद्ध वाचताना कळतं, लिहिताना दोन ओळींत संपतं

नारायणपेठ_मेस

नमस्कार मंडळी. बारावी आर्ट्सचा १७ नंबरचा फॉर्म भरलाय, म्हणजे कॉलेज नाही, वर्ग नाही, थेट बोर्डाची परीक्षा. वय ३८. नारायण पेठेत मेस चालवते. जेवायला येणारी निम्मी पोरं एमपीएससीवाली, त्यांच्याच नादानं हे खूळ डोक्यात शिरलं. आता फी भरलीय, मागे फिरणं नाही.

बाकीचे विषय मी बघून घेईन. इंग्रजीचं रडगाणं वेगळं आहे, ते पुन्हा कधीतरी. अडतंय ते इतिहासात, आणि तिथंही अर्ध्याच पुस्तकात. फुले, रानडे, कर्वे, आगरकर यांचं काही वाटत नाही, या गावात राहून ती नावं रोजच कानावर असतात. मराठे आणि इंग्रज, तेही जमतं. पण पुढे महायुद्धं, निर्वसाहतीकरण, शीतयुद्ध हे धडे आले की माझी दांडी उडते. व्हर्साय, वायमार, वॉर्सा. यातलं गाव कुठलं, तह कुठला, सरकार कुठलं? राष्ट्रसंघ आणि संयुक्त राष्ट्रं तर मी आजही अदलाबदल करून बसते.

असं नाही की पाठ होत नाही. सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण कोणी केलं म्हणून झोपेतून उठवून विचारा, नासर, १९५६. रिकाम्या जागा, जोड्या, चुकीची जोडी ओळखा, सगळं बरोबर येतं. 'विधान कारणांसह स्पष्ट करा' आलं की पेन थांबतं. परवा एका ठिकाणी सराव पेपर लिहिला. प्रश्न होता, 'व्हर्सायच्या तहात दुसऱ्या महायुद्धाची बीजे होती.' माझं उत्तर जसंच्या तसं देते:

"व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर अन्याय झाला. जर्मनीकडून खूप दंड घेतला. त्यामुळे जर्मन लोक चिडले व त्यांनी हिटलरला निवडून देऊन चॅन्सेलर केले. हिटलरने १९३९ मध्ये पोलंडवर हल्ला केला व दुसरे महायुद्ध सुरू झाले."

शेजारी लाल पेनानं एकच शब्द, 'अपुरे'. काय अपुरं ते नाही लिहिलं. यात खोटं काय आहे? आणखी लिहायचं तर काय लिहायचं?

शेवटचा डबा दोन वाजता जातो, ओटा आवरून तीन. तीन ते साडेपाच हा माझा अभ्यासाचा वेळ, मग कणीक मळायला घ्यावी लागते. तारखांची यादी फ्रिजवर चिकटवलीय, येता-जाता म्हणते. पोरं म्हणतात, काकू, अजून तारखा पाठ करा. मला वाटतंय दुखणं वेगळंच आहे. कोणी शिकवलेलं, तपासलेलं, नुकतं पास झालेलं असेल तर सांगा.

---

पुढच्या_वर्षी_नक्की

काकू, मी बहुतेक तुमच्याकडेच जेवतो. :) नाव सांगत नाही, उगाच उद्या ताटात मुद्दाम कारलं येईल.

माझा अनुभव सांगतो. मी बारावी आर्ट्सच केलीय, आणि हाच भाग आता स्पर्धा परीक्षेसाठी पुन्हा वाचतोय. पहिलं, जुन्या प्रश्नपत्रिका. अप्पा बळवंत चौकात बोर्डाच्या मागच्या पेपरांचे संच मिळतात. नुसते वाचायला नाही, घड्याळ लावून लिहायला. ८० मार्कांना ३ तास असतात, वेळ पुरतो असं वाटतं, पण पहिले तासभर माणूस जोड्या आणि संकल्पनाचित्रं सजवत बसतो आणि मोठ्या उत्तरांना हात आखडतो.

दुसरं, कोरे नकाशे. स्टेशनरीच्या दुकानात जगाचे आणि आफ्रिकेचे आणा. आफ्रिकेच्या कोऱ्या नकाशावर देश कधी स्वतंत्र झाला ते वर्ष लिहायचं. घाना १९५७, सहाराच्या दक्षिणेकडच्या वसाहतींमधला पहिला. मग १९६० लिहायला लागलात की हात थांबतच नाही, त्या एका वर्षात १७ देश. अल्जीरिया १९६२, तोही आठ वर्षांच्या युद्धानंतर. अंगोला आणि मोझांबिक थेट १९७५. आता नकाशाकडे बघून स्वतःलाच विचारायचं की हे दोघं एवढे मागे का राहिले? कारण ते पोर्तुगालचे, आणि पोर्तुगालमधलीच हुकूमशाही १९७४ ला पडली. हे मला कोणी शिकवलं नाही, नकाशा रंगवताना डोळ्यात आलं.

तारखांची यादी मात्र काढू नका, ती लागतेच. आणि परीक्षेच्या आधी एखादा अपेक्षित प्रश्नसंच घ्या, सगळेच घेतात, नंतर नाकारतात.

---

नारायणपेठ_मेस

कोण रे तू? आमटीत शेवगा राहू दे म्हणणारा की भाताला नाक मुरडणारा? बरं ते राहू दे. नकाशाचं पटलं, आजच मागवते.

---

खडू_फळा

ताई, नमस्कार. ज्युनिअर कॉलेजवर इतिहास शिकवून निवृत्त झालो. बोर्डाचे गठ्ठे बरीच वर्षं तपासले, त्यामुळे त्या 'अपुरे'चा अर्थ सांगू शकेन.

तुमच्या उत्तरात एक गोष्ट चुकीची आहे. ती आत्ता सांगत नाही, तुम्हीच शोधा. पण मार्क गेले ते त्यामुळे नाहीत. तुमच्या उत्तरात १९१९ चा तह झाला, लोक चिडले आणि हिटलर आला. मध्ये १४ वर्षं आहेत, ताई. माणसं १४ वर्षं नुसती चिडून बसत नाहीत. गठ्ठ्यातल्या बहुतेक उत्तरांत पहिली पायरी असते, शेवटची असते, मधली नसते. तपासणारा मधलीच शोधत असतो. हे एकच समजून घेतलंत तर हे सगळे धडे सुटतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुस्तकात एवढं नाही, पेपरातही एवढं लिहायचं नाही. पण माहीत असलं की लिहिलेल्या चार ओळींना वजन येतं.

तहावर सही झाली २८ जून १९१९ ला. साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, ज्यातून पहिलं महायुद्ध पेटलं, तोही २८ जून, १९१४ चा. एकाच तारखेत दोन कामं. तहानं आल्सेस-लॉरेन फ्रान्सला परत गेलं, सैन्यावर १ लाखाची मर्यादा आली, विमानदल आणि पाणबुड्या बंद, फ्रान्सच्या सीमेलगतच्या ऱ्हाइनलँडमध्ये फौज ठेवायला मनाई. आणि कलम २३१, म्हणजे युद्धाच्या नुकसानीची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या बाजूनं लढलेल्या देशांची. 'खूप दंड' असं तुम्ही लिहिलंत, त्याचा आकडा तहात नव्हताच. तो १९२१ मध्ये ठरला, १३२ अब्ज सुवर्ण मार्क.

आता १९२३ कडे बघा. भरपाईपोटी द्यायचा कोळसा आणि लाकूड वेळेवर येईना, तेव्हा जानेवारीत फ्रान्स आणि बेल्जियमनं सैन्य घालून रूरचा कोळशाचा मुलूख ताब्यात घेतला. जर्मन सरकारनं तिथल्या कामगारांना सांगितलं, काम बंद ठेवा, पगार आम्ही देतो. पगाराला पैसे कुठून आणणार? छापले. १९१४ मध्ये एका डॉलरला ४.२ मार्क पडत होते. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क. आकडा तोच, फक्त मागे बारा शून्यं आली. ज्यांनी आयुष्यभर पैपै करून बँकेत टाकले होते त्या घरांची शिल्लक आगपेटीच्या किमतीचीही उरली नाही.

त्याच नोव्हेंबरात हिटलरनं म्युनिकमध्ये सत्ता घ्यायचा प्रयत्न केला. फसला, तुरुंगात गेला. इथं थांबा आणि विचार करा. तह झालेला आहे, अपमान ताजा आहे, नोटांची रद्दी झालेली आहे, आणि तरीही हिटलर पडला. म्हणजे तुमचं 'चिडले आणि निवडून दिले' हे समीकरण १९२३ मध्ये लागू पडत नाही. मग नंतर कसं पडलं?

मधली वर्षं बरी गेली, हे कोणी लिहीत नाही. १९२४ मध्ये डॉज योजना आली. अमेरिकेनं जर्मनीला कर्ज द्यायचं, जर्मनीनं त्यातून फ्रान्स-ब्रिटनला भरपाई द्यायची आणि त्यांनी त्यातून अमेरिकेचं युद्धातलं कर्ज फेडायचं. इकडची टोपी तिकडे. तुमच्या मेसमध्ये एखाद्या पोरानं किराणावाल्याकडून उसने घेऊन तुमचं बिल भरलं आणि तुम्ही त्याच पैशातून त्याच किराणावाल्याची उधारी भागवली, तर तिघांच्याही वह्या चोख दिसतील. किराणावाला हात आखडता घेईपर्यंत. जर्मनीचं तसंच चाललं होतं. १९२५ मध्ये पश्चिमेकडच्या सीमा मान्य करणारे लोकार्नोचे करार, १९२६ मध्ये जर्मनी राष्ट्रसंघात. १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या नाझी पक्षाला जागा मिळाल्या फक्त १२.

आणि ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. अमेरिकन कर्ज आटलं, दिलेलं परत मागितलं गेलं. १९३२ पर्यंत जर्मनीत बेकार ६० लाखांच्या घरात. आता नाझींच्या जागा वाचा: १९२८ ला १२, १९३० ला १०७, जुलै १९३२ ला २३०. तहानं राग दिला, मंदीनं मतं दिली. ही तुमच्या उत्तरातली हरवलेली पायरी.

पुढचंही एका उडीत नको. १९३५ ला सक्तीची लष्करभरती, १९३६ ला ऱ्हाइनलँडमध्ये फौज, १९३८ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रिया, सप्टेंबरात चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा तोडून देणारा म्युनिक करार, १९३९ च्या मार्चमध्ये उरलासुरला चेकोस्लोव्हाकिया. पहिल्या दोन गोष्टी म्हणजे व्हर्सायची कलमं एकेक करून मोडणं, आणि ब्रिटन-फ्रान्स बघत राहिले. पोलंड त्यानंतर, १ सप्टेंबर.

वरच्या आमच्या तरुण मित्राच्या नकाशाला माझा पूर्ण पाठिंबा. तारखांच्या यादीला नाही. यादीत १९१९ च्या खाली १९२० असतं, पण १९१९ मुळे १९२३ कसं झालं ते यादीत कुठंच नसतं. फ्रिजवर हवं तर असं करा: दोन घटना लिहा आणि मध्ये जागा मोकळी सोडा. आज एक जोडी. 'साराजेव्हो' आणि 'ब्रिटन युद्धात'. मध्ये काय? ऑस्ट्रियाचा सर्बियाला निर्वाणीचा खलिता, रशियाची सैन्यतयारी, जर्मनीचं बेल्जियममध्ये घुसणं. ते भरता आलं की धडा झाला. हिशोबाच्या वहीची मागची पानं पुरतील.

वर्ष पक्कं आठवत नसेल तर ठोकून देऊ नका. '१९२० च्या दशकाच्या शेवटी' असं लिहिलेलं चालतं. चुकीचं वर्ष लिहिलेलं डोळ्यांत खुपतं.

---

नारायणपेठ_मेस

सर, हे वाचता वाचता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. भाताचं जे झालं ते झालं, पोरांनी निमूट खाल्लं.

किराणावाल्याचं अगदी कळलं. माझ्याकडे असं प्रत्यक्षात होतं, फरक एवढाच की तो किराणावाला माझा दीर आहे.

चूक शोधते. तोवर एक विचारते. माझं माहेर सुप्याच्या बाजूला, बारामतीकडचं. पुस्तकात सावकारांविरुद्धच्या दख्खनच्या दंग्यांत सुपे गाव आहे. आमच्याकडे आजी-पणजीच्या तोंडी सावकाराच्या कर्जखतांची होळी केल्याच्या गोष्टी होत्या, पण ते गावचं भांडण म्हणून. पोरांपैकी एकजण म्हणाला, काकू, त्याचा संबंध अमेरिकेशी आहे. मला वाटलं टिंगल करतोय. करतोय ना?

---

कॅम्पातला

मास्तरांच्या मध्ये तोंड घालतो, माफी असावी. 'जगाचा इतिहास' म्हटलं की आपले लोक डोळ्यांसमोर पॅरिस आणि बर्लिन आणतात. पुण्यातून जरा हिंडलं तरी निम्मा पेपर रस्त्यावर सापडेल.

पहिल्या महायुद्धाशी भारताचा काय संबंध, या प्रश्नाला 'भारतीय सैनिक लढले' एवढंच लिहून मुलं मोकळी होतात. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी फौज गेली तिचं नावच सहावी (पूना) डिव्हिजन. कुत-अल-अमारा इथं तुर्कांनी तिला वेढलं. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. उपासमारीनं अखेर २९ एप्रिलला शरणागती, सुमारे १३ हजार माणसं कैद. एवढं एक वाक्य लिहिलंत तर तपासणारा चष्मा सरळ करून वाचेल. खडकीच्या युद्धस्मशानभूमीत एकदा जाऊन या, बोपोडीहून फार लांब नाही. दोन्ही महायुद्धांतल्या सैनिकांची नावं आहेत. शांत बसता येतं, आणि फोटो काढत फिरू नये, हे आपलं माझं मत.

दुसरं, ससून. रुग्णालयाला देणगी देणारे डेव्हिड ससून मूळचे बगदादचे ज्यू, तिथला जाच सोडून मुंबईत आले. व्यापार कापसाचा, आणि अफूचा. माळव्याची अफू मुंबईहून चीनला जायची. चीननं ती थांबवायला बघितलं म्हणून ब्रिटननं युद्ध केलं, १८३९ ते १८४२, आणि नानकिंगच्या तहानं हाँगकाँग घेतलं. आपल्या लष्कर भागातलं लाल देऊळ म्हणजे त्याच ससूनांनी बांधायला घेतलेलं सिनेगॉग, त्यांची कबरही तिथेच. युरोपीय वसाहतवादावर टीप आली तर चीनचा परिच्छेद यातून सुटतो.

सुप्याचं मास्तर सांगतीलच. टिंगल नाही, एवढं मी सांगून ठेवतो.

---

खडू_फळा

कॅम्पातले, आभार. कुतचं मी वर्गात न चुकता सांगायचो. पोरं विचारायची, सर, पूना डिव्हिजनमध्ये सगळे पुण्याचे होते का? नव्हते. डिव्हिजनचं ठाणं इथलं, पलटणी ठिकठिकाणच्या. हे ताईंनी लिहिताना लक्षात ठेवावं.

आता सुपे. ताई, तुमच्या पोरानं टिंगल केली नाही, उलट त्याला त्या दिवशी एक पोळी जास्त वाढायला हवी होती. पुन्हा मधली पायरीच बघू. एक टोक अमेरिका, १८६१. दुसरं टोक सुपे, १२ मे १८७५. मध्ये काय?

लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा कापूस, चारातले तीन भाग, अमेरिकेतून यायचा. १८६१ मध्ये तिथं यादवी युद्ध सुरू झालं, तो थांबला. गिरण्यांनी भारताकडे बघितलं. मुंबईत कापसाला न भूतो असा भाव. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी तालुक्याच्या सावकारांना पैसा दिला, सावकारांनी कुणब्याला. एरवी शंभर प्रश्न विचारणारा सावकार दारात येऊन कर्ज देऊ लागला. १८६० ते १८६४ या काळात कापसाखालची जमीन दुप्पट झाली. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, तिकडचा कापूस पुन्हा निघाला, इकडचा भाव पडला. सावकारानं नवं कर्ज बंद केलं आणि जुनं वसुलीला काढलं. त्याच सुमारास सरकारनं नवी आकारणी करून सारा वाढवला. म्हणजे हातात पैसा नाही, सारा जास्त, आणि सावकार तोंड फिरवून बसलेला. बरं, कर्जाच्या कागदावर काय लिहिलंय ते कुणब्याला वाचता येत नव्हतं, अंगठा मात्र त्याचाच. म्हणून सुप्याच्या बाजारात जमलेल्या लोकांचा मुख्य राग कागदावर होता. वह्या आणि खतं मागून घेतली आणि जाळली. आसपासच्या गावांत आणि नगर जिल्ह्यात तेच लोण गेलं. सरकारनं चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला.

तुमच्या आजींच्या तोंडी गोष्ट होती ती खरीच, फक्त तिचं एक टोक मिसिसिपीच्या काठावर होतं. वसाहतवादाचे आर्थिक परिणाम विचारले तर हे लिहा. तुमच्यासारखं घरचं कोणाला लिहिता येणार नाही.

---

नारायणपेठ_मेस

सर, हे आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, सारा वाढवला हे आजी सांगायची, कापसाचं कधी कोणी बोललं नाही.

चूक सापडली. 'निवडून देऊन चॅन्सेलर केले.' त्या आमटीवाल्यानं मदत केली असं म्हणू नका, त्यानं नुसतं 'अध्यक्ष कोण होता ते बघा' एवढंच सांगितलं. पुन्हा लिहिलंय, तपासा:

"व्हर्सायच्या तहाने (१९१९) जर्मनीवर युद्धाची जबाबदारी टाकली, प्रदेश काढून घेतला व सैन्य १ लाखावर आणले. १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्क भरपाई ठरली. ती न दिल्याने फ्रान्सने १९२३ मध्ये रूर घेतले, नोटा छापल्या गेल्या व चलन कोसळले. १९२४ नंतर अमेरिकन कर्जामुळे परिस्थिती सुधारली व नाझी पक्षाला १९२८ मध्ये फक्त १२ जागा मिळाल्या. १९२९ च्या मंदीत कर्ज थांबले, ६० लाख लोक बेकार झाले व तहाविरुद्धचा जुना राग नाझींनी वापरला. १९३२ मध्ये तो सर्वांत मोठा पक्ष झाला व जानेवारी १९३३ मध्ये अध्यक्ष हिंडेनबर्ग यांनी हिटलरला चॅन्सेलर नेमले. त्याने तहाची कलमे एकेक मोडली व इतर राष्ट्रांनी अडवले नाही, म्हणून १९३९ मध्ये पोलंडवर हल्ला करण्याचे धाडस केले."

लिहायला वेळ खूप गेला. हाताला सवय नाही.

---

खडू_फळा

चारपैकी चार. मी हात राखून मार्क देणारा म्हणून कुप्रसिद्ध होतो, त्यामुळे हे गंभीरपणे घ्या.

चूक बरोबर पकडलीत. हिटलर अध्यक्षपदासाठी उभा राहिला होता, एप्रिल १९३२ मध्ये हिंडेनबर्गनी त्याला हरवलं. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत तर नाझींच्या जागा २३० वरून १९६ वर आल्या. आणि घसरणीनंतर तीन महिन्यांच्या आत, ३० जानेवारी १९३३ ला, त्याला चॅन्सेलर नेमलं, कारण भोवतालच्या मुत्सद्द्यांना वाटलं, याला आपण मुठीत ठेवू. 'निवडून आला' हे वाक्य एवढ्या उत्तरपत्रिकांत वाचलंय की माझं लाल पेन आपोआप तिकडे वळायचं.

वेळेचं म्हणाल तर उत्तर छोटं करायला बसू नका, आधी वेगानं लिहायची सवय करा. रोज एक उत्तर, बघून नव्हे, आठवून, आणि चांगल्या जाड पेनानं. बारीक निब बोटं दुखवते. मजकूर कमी करायचा तर तहाची कलमं कमी करा, मधली पायरी काढू नका.

पुढची जोडी देतो, शीतयुद्धातली. नाटो, म्हणजे अमेरिकेच्या बाजूचा लष्करी गट, एप्रिल १९४९. वॉर्सा करार, म्हणजे रशियाच्या बाजूचा, मे १९५५. सगळी मुलं लिहितात, 'नाटोला उत्तर म्हणून रशियाने वॉर्सा करार केला.' उत्तर द्यायला सहा वर्षं लागली? मध्ये काय झालं? मे १९५५ चे पहिले दोन आठवडे नीट बघा.

---

पुढच्या_वर्षी_नक्की

पश्चिम जर्मनी! तिला पुन्हा सैन्य ठेवायला परवानगी मिळाली आणि ९ मेला ती नाटोत दाखल झाली. १४ मेला वॉर्सा. पाच दिवसांत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं रशियाचे कोट्यवधी लोक मारले होते, त्यामुळे जर्मन सैन्य परत उभं राहणं हे मॉस्कोला झेपणारं नव्हतं. आणि वर्षाच्या सुरुवातीला तिकडे रशियाविरुद्धचा बगदाद करारही झाला होता.

---

नारायणपेठ_मेस

अरे गाढवा, प्रश्न मला विचारला होता.

सर, याचं धरू नका, मला दुसरी जोडी द्या. सुएझची चालेल, म्हणजे नासरनं १९५६ मध्ये एकदम कालवा का घेतला ते. त्याच्या आधी धरणाचं काहीतरी आहे एवढं आठवतंय, ते उद्या तीन वाजता बसून शोधते.

आणि आमटीवाल्या, आता कळलं तू कोण ते. गेल्या महिन्याचं बिल राहिलंय तुझं.